नदीचा गाळ काय सांगतो?

पूर ओसरला की नदीकाठी जाऊन पाहावे. जोराच्या धारेत मोठे गोटे पडलेले दिसतात. पाणी जरा संथ असते तेथे वाळू बसते. अगदी थांबलेल्या पाण्यात मऊ गाळ बसतो. हे आपल्याला ठाऊकच आहे. पण याच गाळावरून फार जुन्या माणसाचा माग काढता येतो. तो कसा, ते आम्ही येथे सांगतो.

नर्मदा नदी आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेने वाहते. तिच्याच काठी, पण खूप वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात हथनोरा नावाचे गाव आहे. तेथे १९८२ सालच्या डिसेंबरात अरुण सोनकिया यांना माणसाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात होते. माणसाचे इतके जुने हाड भारतात तोवर मिळाले नव्हते. ते दगडासारखे झाले होते.

हाडाचा दगड कसा होतो? हाड उघड्यावर राहिले तर कोल्ही-कुत्री नेतात, ऊन-पावसाने त्याचा भुगा होतो. पण पुराने त्यावर लवकर गाळ घातला तर ते झाकले जाते. मग मातीतले पाणी हाडाच्या बारीक छिद्रांत झिरपते. पाण्यातले क्षार तेथे साठतात. हजारो वर्षांनी हाड जड आणि कठीण होते. म्हणून जुनी हाडे पुष्कळदा नदीच्या थरांत मिळतात. माणसे फक्त नदीकाठीच राहत होती, असा त्याचा अर्थ नव्हे. नदीने झाकले, म्हणून ते राहिले.

हथनोऱ्याची कवटी गोटे आणि वाळू यांच्या घट्ट थरात होती. गोटे आले म्हणजे पाणी जोराचे होते. तेव्हा कवटीही वाहत आली असणार. तो माणूस तेथेच मेला, असे म्हणता येत नाही. नर्मदेच्या जुन्या थरांत दगडी हत्यारे मिळतात. हत्ती, रानबैल आणि पाणघोडे यांची हाडेही मिळतात. पाणघोड्याला बारमाही पाणी लागते. त्यावरून त्या काळच्या नदीची कल्पना येते.

पण येथे एक मेख आहे. उकिरड्यात जुना केर खाली आणि नवा वर असतो. थरांचेही तसेच. मात्र नदी काठ कोरते. जुन्या थरातले हाड उकरून ते नव्या वाळूत नेऊन टाकते. मग जुने आणि नवे शेजारी येऊन बसते. त्यामुळे कवटीच्या नेमक्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नाही. ती काही लाख वर्षांची असावी, असे पुष्कळ जण मानतात.

म्हणून नुसते हाड मिळून भागत नाही. ते कोणत्या थरात होते, वर काय होते, खाली काय होते, हे कळावे लागते. वाळू उपसताना किंवा विहीर खणताना दगडासारखे जड हाड दिसले, तर ते उचलू नये. काम तेथेच थांबवावे. तलाठ्याला किंवा शाळेतल्या गुरुजींना कळवावे. थरातून उपटलेले हाड म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. ते कोठून आले, हे मग कोणालाच सांगता येत नाही.