घरची बोली आणि महानगरातील लहान मूल

लहान मुलांना घेऊन महानगरात राहावयास जाणाऱ्या कुटुंबापुढे जागा, पाणी, शाळा आणि प्रवास हे प्रश्न प्रथम उभे राहतात, व त्यांची चर्चाही पुष्कळ होते. मुलाने गावाहून आणलेल्या बोलीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र आजी-आजोबांच्या गाऱ्हाण्यापलीकडे सहसा जात नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हे गाऱ्हाणे नीट ऐकून घ्यावे असे मला वाटते. प्रस्तुत लेखातील उदाहरणे इंदापूर तालुक्यातील लासुर्णे या गावची व मुंबईची असून ती बहुतांशी लेखकाच्या स्वतःच्या घरातील आहेत. दोन मुलांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे सांगणे नलगे. परंतु अन्यत्र सिद्ध झालेली काही अनुमाने आपल्या भाषेत कोणत्या रूपाने आढळतात, हे त्यांवरून दाखविता येईल.

लासुर्णे हे बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला, आणि वालचंदनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांनी तो टिकविला. येथील तरुण कुटुंबे आता पुण्यास व मुंबईस जातात. माझी दोन्ही मुले २०१६ च्या जूनपर्यंत माझ्या आईजवळ, म्हणजे त्यांच्या आजीजवळ, वाढली. त्या जूनमध्ये आम्ही त्यांना कांदिवलीस आणले, तेव्हा मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा होता. दोघेही आजीसारखेच बोलत: आहे म्हणजे ‘हाय’, वेळ म्हणजे ‘येळ’, विळा म्हणजे ‘इळा’, पाणी म्हणजे ‘पानी’.

ही रूपे एकाच वेगाने गेली नाहीत. ‘हाय’ पंधरा दिवसांत गेले, आणि ‘लई’ची जागा ‘खूप’ने त्याहूनही लवकर घेतली. ‘पानी’ मात्र टिकून राहिले. या फरकाचे कारण मुलांच्या आवडीनिवडीत किंवा हट्टात शोधण्याची गरज नाही. ते ध्वनिव्यवस्थेतच आहे. ‘हाय’च्या जागी ‘आहे’ घालणे म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालणे. ‘न’च्या जागी ‘ण’ घालणे हे तसे नव्हे. आमच्या भागातील ग्रामीण बोलीत पुष्कळांच्या तोंडी हे दोन ध्वनी एक झालेले आहेत. मन आणि मण, सन आणि सण, खान आणि खाण यांचा उच्चार सारखाच होतो, आणि अर्थ संदर्भावरून कळतो. जिच्या बोलीत हा भेद आहे तिने तो सोडून द्यावयाचा असेल, तर ‘ण’ म्हणूच नये एवढा एक नियम पुरतो. उलट दिशेने जाणाऱ्या मुलाला असा कोणताही नियम उपयोगी पडत नाही. कान, पान, रान यांत ‘न’ ठेवावयाचा आणि कोण, पाणी, लोणी यांत तो बदलावयाचा, हे शब्दाशब्दाने शिकावे लागते. माझ्या मुलीने पहिल्या पावसाळ्यात ‘काण दुखतो’ असे दोन-तीनदा म्हटले. ऐकणारे हसले; पण आपली बोली बदलण्याचे काम ती किती कष्टाने करीत होती, याचा तो पुरावा होता.

या विषयावरील परदेशी अभ्यास येथे उपयोगी पडतो. कॅनडातून दक्षिण इंग्लंडमध्ये राहावयास गेलेल्या दोन कुटुंबांतील सहा मुलांचे बोलणे जे. के. चेंबर्स यांनी तपासले व आपले निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते शब्द आधी बदलतात, उच्चार मागाहून. साधे नियम लवकर येतात, गुंतागुंतीचे उशिरा. आणि साताच्या आत स्थलांतर केलेले मूल नवी बोली बहुधा पूर्णपणे आत्मसात करते, तर चौदाच्या पुढचे जवळजवळ कधीच करीत नाही. आर्विला पेन यांनी त्याआधीच, १९८० मध्ये, फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरातील मुलांविषयी लिहिताना एक लक्षणीय गोष्ट नोंदविली होती. शब्दाशब्दाने शिकाव्या लागणाऱ्या एका स्वराची तेथील विभागणी, आईबापही तेथेच जन्मलेले असल्याखेरीज, मुलांना क्वचितच पुरी साधत होती. सोबत्यांकडून मूल पुष्कळ शिकते, पण अशी विभागणी त्याला घरातून मिळावी लागते.

आपल्याकडे एक निराळी सोय आहे. मराठी लेखनात ‘न’ आणि ‘ण’ वेगळे दिसतात, म्हणून वाचता येणाऱ्या मुलाला घराऐवजी पुस्तक हा भेद शिकवू शकते. माझ्या मुलीचे तसेच झाले. वर्षअखेर तिचे पाणी, कोण, आणि, म्हणून, शिक्षण हे सारे ठीक झाले. त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही लासुर्ण्यास गेलो, तेव्हा गोठ्यात तिचे बोलणे ऐकताना मला काही शब्द टिपून ठेवावेसे वाटले. वैरण ती ‘वैरन’ म्हणत होती. गव्हाण ‘गव्हान’, दावण ‘दावन’, वेसण ‘येसन’. ‘गव्हानीत पाणी सांडलंय’ या तिच्या एका वाक्यात दोन्ही ध्वनी आपापल्या जागी होते. याचा उलगडा कठीण नाही. गोठ्यातले शब्द तिच्या पाठ्यपुस्तकात आले नव्हते, कांदिवलीत ते कोणी उच्चारीत नव्हते, आणि त्यामुळे ते दुरुस्त होण्याचा प्रसंगच आला नव्हता. ध्वनिबदल सर्व शब्दांत एकदम होत नाही, तो शब्दागणिक पसरतो, हे आपण वर्गात शिकवितो. येथे त्याची सीमा गोठ्याच्या दारापाशी आखलेली दिसत होती.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. मुलीच्या पहिल्या शाळेतून ‘घरी शुद्ध बोलण्याची सवय लावावी’ अशी चिठ्ठी आली होती. बोलीबोलींत उच्चनीच नाही, हे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस सांगणाऱ्या प्रस्तुत लेखकाने ती चिठ्ठी वाचली आणि त्या रात्रीपासून जेवताना ‘पानी’ म्हटले की तिला थांबविण्यास सुरुवात केली. सुमारे दोन महिने हे चालले. परिणाम असा झाला की ती आजीशी फोनवर बोलेनाशी झाली. विचारल्यावर तिने सांगितले, की आजीशी बोलताना तोंडातून काय निघेल हे कळत नाही आणि तुम्ही ऐकत असता. मी थांबविणे बंद केले. पुढे तिचे तिनेच व्यवस्था लावली: गॅलरीत मैत्रिणींसमोर ‘पाणी’, आतल्या खोलीत आजीशी ‘पानी’. दोन बोली वेगळ्या ठेवण्याची ही शक्ती नऊ-दहा वर्षांच्या मुलात असते. ती वापरण्यास त्याला निवांत जागा मात्र लागते, आणि मुंबईच्या घरात तीच दुर्मीळ.

मुलाची गोष्ट निराळी. चार वर्षांचे मूल मुख्यतः घरच्या माणसांसारखे बोलते आणि आठाव्या वर्षापर्यंत सोबत्यांकडे झुकलेले असते, असे पॉल करस्विल व ॲन विल्यम्स यांना मिल्टन कीन्स या १९६७ मध्ये वसविलेल्या इंग्लिश नगरात दिसून आले. तेथे सोबत्यांची भाषा मात्र घरचीच, म्हणजे इंग्रजी होती. आशियातील महानगरांत ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. जाकार्तात जावानी व सुंदानी घरांतील मुले इंडोनेशियन भाषेच्या शहरी रूपात खेळतात. मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांत मिळून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. त्यांत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख, तर हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख. शिवाय गुजराती, उर्दू, तमिळ घरांतील मुले आवारात एकत्र आली की त्यांची समाईक भाषा हिंदीच ठरते. माझा मुलगा सहा महिन्यांत त्या हिंदीत भांडू लागला. त्याच्या मराठीत ‘ण’ बिनचूक आला, आणि त्याबरोबरच ‘तो मला म्हणाला’च्या जागी ‘तो मला बोलला’ आले. गोठ्यातल्या शब्दांचा उच्चार बदलण्याचा प्रश्न त्याच्या बाबतीत उद्भवला नाही. ते शब्दच नाहीसे झाले. सुटीत ‘आजोबा दारं धरायला गेलेत’ असे ऐकून त्याने ‘कोणाच्या घराचं दार?’ असे विचारले. पिकाला पाणी देणे हा या प्रयोगाचा अर्थ, पाटाला पाळी कधी येते हे ज्याने पाहिले नाही, त्याला कळावा तरी कसा?

शब्द गेले तर ते पुन्हा शिकविता येतात. त्याहून सूक्ष्म अशी हानी सर्वनामांत झाली. ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’ आणि त्यास वगळून ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे, प्रमाण हिंदीत नाही. तेथे दोहोंस ‘हम’ पुरते. मुंबईच्या हिंदीत ‘अपुन’ आहे खरे, पण पुष्कळदा त्याचा अर्थ केवळ ‘मी’ एवढाच होतो. सहाव्या वर्षी माझा मुलगा सरसकट ‘आम्ही’ म्हणू लागला होता. एकदा सुटीत तो आजीला म्हणाला, ‘आजी, आम्ही उद्या देवळात जायचं का?’ आजीने हातातले निवडण बाजूस ठेवून विचारले, ‘तुमी जावा की. आन मी काय घर राखू?’ तिला ही थट्टा वाटली नव्हती. शहरात गेलेल्या नातवाने आपल्याला ‘आम्ही’च्या बाहेर ठेवले, असेच तिने ऐकले, आणि तिच्या व्याकरणाप्रमाणे तिने बरोबरच ऐकले. पोराला हिंदीची सवय झाली आहे, हे स्पष्टीकरण मी दिले. त्याने तिचे समाधान झाले असे मला वाटत नाही.

या ठिकाणी सांगली जिल्ह्यातील कुपवाडची आठवण होते. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे मराठी, कन्नड व उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाराने वाक्यरचनेत एकमेकींच्या अगदी जवळ आल्या, आणि तेथील उर्दूने ‘आपण–आम्ही’सारखा भेद शेजारणींकडून उचलला. म्हणजे हा भेद एका भाषेतून दुसरीत जाऊ शकतो. तो कोणत्या दिशेने जाईल, हे त्या त्या ठिकाणी कोण कोणाशी आणि किती वेळ बोलते यावर अवलंबून राहते. आमच्या आवारात बोलणे मुख्यतः हिंदीत होते आणि आजी दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर होती.

तान्ह्या मुलांविषयी येथे थोडक्यातच लिहितो. भूर, गाई, दुदू, बाऊ, जेजे हे शब्द मुले बनवीत नाहीत. मोठी माणसे ते परंपरेने मुलांस देतात. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांच्या आधारे हे दाखविले व त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठीतील या बोलीवरील स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला. ही परंपरा बहुधा आजीच्या मांडीवरून येते. मूल दिवसभर पाळणाघरात राहिले, तर तेथे त्याला कोणती लाडिक बोली मिळते, याच्या नोंदी आपल्या विद्यार्थ्यांनी करण्यासारख्या आहेत.

अशा कामाविषयी एक सूचना. एकट्या मुलासमोर चित्रे ठेवून शब्द वदवून घेण्याच्या रीतीत वर सांगितलेले पुष्कळसे हाती लागत नाही. माझ्या मुलीला चित्र दाखवून विचारले असते, तर तिने वैरणीला ‘गवत’ म्हटले असते. आजी आणि नातवंडे काम करीत बोलत असताना, शक्यतो गावी आणि सुटीच्या अखेरच्या दिवसांत, ध्वनिमुद्रण करावे. पहिले काही दिवस मुले शहराचेच बोलतात. २०१९ च्या मे महिन्यात माझ्या मुलाच्या तोंडी ‘आपण’ योग्य अर्थाने प्रथम आला तो अठराव्या दिवशी, आजीबरोबर शेंगा सोलत असताना. त्यातील ‘ण’ त्याने स्पष्ट मूर्धन्य उच्चारला होता, आणि तिने उत्तर देताना ‘आपन’ म्हटले.