दिसणाऱ्या डोळ्यांची तपासणी

डोळ्यांच्या विकारांविषयी बोलणे निघाले की आपल्यापुढे प्रथम मोतीबिंदू उभा राहतो. पेडण्यात काय, डिचोलीत काय, बहुतेक घरांतून कोणा ना कोणा वडीलधाऱ्या माणसाचा मोतीबिंदू काढलेला असतो. त्यामुळे त्याची भीती आता पुष्कळशी ओसरली आहे. शिवाय मोतीबिंदू आपली वर्दी आपणच देतो. दिसेनासे झाले की माणूस आपण होऊन डॉक्टरांकडे जातो, नवे भिंग बसविले जाते आणि दृष्टी परत येते. आज मला ज्या विकाराविषयी सांगावयाचे आहे, तो मात्र अशी वर्दी देत नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला जडणारा हा विकार आहे आणि त्याने एकदा गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही.

हा विषय गोमंतकीयांनी विशेष मनावर घ्यावा असा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मधुमेहाच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांहून अधिक निघाले. बाकावर चार प्रौढ माणसे बसली असतील, तर सरासरीने त्यांतील एक मधुमेही! चवथीच्या नेवऱ्या तुम्ही सोडीत नाही, नाताळचे दोदोल आणि बिबिंक आम्ही सोडीत नाही. या एका बाबतीत आपणां सर्वांचे एकमत आहे.

आता डोळ्यात काय घडते ते पाहू. डोळ्याच्या आत मागील बाजूस एक अतिशय पातळ पडदा असतो. बाहेरील दृश्याची प्रतिमा त्यावर उमटते. या दृष्टिपटलाला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की दुबळ्या होतात. त्यांना मण्यांसारखे फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि पाणी झिरपू लागते. काही वाहिन्या बुजून जातात आणि मग रक्ताची उणीव भरून काढण्यासाठी नव्या, परंतु फार कच्च्या वाहिन्या फुटतात. एखादे दिवशी त्यांतली एक फुटते आणि डोळ्यापुढे एकाएकी अंधार पसरतो. हे सारे चालू असता पडद्याचा मध्यबिंदू पुष्कळदा शाबूत असतो. त्यामुळे मनुष्य वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपले डोळे उत्तम आहेत असे समजतो. उतारवयात चष्म्यावाचून वाचता येऊ लागले म्हणून अभिमान बाळगणारे आजोबाही आपण पाहतो. ती करामत कित्येकदा पिकत चाललेल्या मोतीबिंदूची असते, पडद्याच्या आरोग्याची नव्हे.

मग हा पडदा पाहावयाचा कसा? बाहुली आपल्याला काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो आणि त्या वाटेवर डोळा ठेवावा तर पाहणाऱ्याचे डोकेच प्रकाशाच्या आड येते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाश पाठविणे आणि पाहणे ही दोन्ही कामे एकाच वाटेने साधणारे उपकरण प्रसिद्ध केले. जिवंत माणसाचा दृष्टिपटल तेव्हापासून वैद्यांना दिसू लागला.

दिसू लागला, तरी उपाय सिद्ध व्हावयास सव्वाशे वर्षे लागली. लेसर किरणांनी पडद्याच्या कडेचा भाग डागला तर दृष्टी वाचते काय, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत सतराशेहून अधिक रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केले आणि दुसरा तसाच ठेवला. ऐकावयास हे कठोर वाटते. परंतु त्याच माणसाच्या दुसऱ्या डोळ्यापेक्षा तुलनेला अधिक योग्य असे काय मिळणार? उपचार केलेल्या डोळ्यांत गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी झाल्याचे १९७६ साली स्पष्ट झाले, तेव्हा प्रयोगाचे नियम बदलून राहिलेल्या डोळ्यांवरही उपचार करण्याची मोकळीक देण्यात आली. आज डोळ्यात देण्याची इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. उपाय आहे, अडते ते रुग्ण वेळेवर सापडण्यापाशी.

हरमलच्या वा इब्रामपूरच्या मधुमेही शेतकऱ्याला सगळे स्वच्छ दिसत असता त्याने एक दिवसाची मजुरी बुडवून, बस बदलीत बांबोळीच्या इस्पितळात जावे, असे आपण म्हणतो. तो जात नाही, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. म्हणूनच जिथे रक्तातील साखर तपासतात तिथेच पडद्याचे छायाचित्र घेण्याची कल्पना मला मोलाची वाटते. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत असा एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. मोबाइल फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आरोग्य कर्मचाऱ्याने चित्रे घ्यावयाची आणि फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्तेने, इंटरनेटवाचून, तिथल्या तिथे निर्णय द्यावयाचा, अशी योजना होती. २१३ मधुमेही तपासले गेले. नेत्रतज्ज्ञांकडे धाडण्याजोगा एकही रुग्ण यंत्राने निसटू दिला नाही; निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ते शंभरांत सुमारे ८८ वेळा बरोबर ठरले.

शिक्षकाला शंभरपैकी शंभर गुण दिसले की उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहावीशी वाटते. धाडण्याजोगा विकार खरोखर असलेले रुग्ण त्यांत अवघे पंधरा होते. एवढ्या थोड्या संख्येवरून खरे प्रमाण ७८ टक्क्यांपर्यंत खालीही असू शकते, हे संशोधकांनीच आकड्यांत नमूद केले आहे. तेव्हा यंत्राला उत्तीर्ण म्हणावे, पण पहिल्या क्रमांकाचे बक्षीस इतक्यात देऊ नये.

थायलंडमधील अकरा दवाखान्यांतील अनुभव २०२० साली प्रसिद्ध झाला, तो याहून बोधप्रद आहे. प्रयोगशाळेत नावाजलेल्या यंत्राने तिथे पाचांतील एकाहून अधिक चित्रे अस्पष्ट म्हणून नाकारली. खोलीतील उजेड हे त्याचे एक मोठे कारण होते. यंत्र ‘कळत नाही’ म्हणाले की रुग्णाला दूरच्या इस्पितळाची वाट धरावी लागे. आपल्या आरोग्य केंद्रांत कॅमेरा आला, तर त्याबरोबर एक अंधारी खोली आणि जाड पडदाही हवा. मोतीबिंदूने भिंग धूसर झालेल्या वृद्धांची चित्रे तरीही नीट येणार नाहीत. त्यांना माणसाकडेच, म्हणजे नेत्रतज्ज्ञांकडेच न्यावे लागेल.

मधुमेह असल्यास डोळ्यांचा पडदा साधारणतः वर्षातून एकदा तपासून घ्यावयाचा असतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, तर काही तास उजेड खुपतो आणि जवळची अक्षरे धूसर दिसतात. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवावी, घरातील कोणाला तरी सोबत न्यावे आणि छायाचित्राची प्रत मागून घेऊन मधुमेहाच्या कागदांतच जपून ठेवावी. पुढील वर्षीच्या चित्राशी ताडून पाहण्यास डॉक्टरांना तीच लागते.