पडद्यावरची सलगता

चित्रपटातले प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. पडद्यावर सलग दिसणारे संभाषण कधी दोन वेगळ्या महिन्यांत टिपलेले असते. मग अर्धा रिकामा चहाचा कप कट होताच पुन्हा भरतो, मनगटावरचे घड्याळ नाहीसे होते. चूक शोधायची तर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर काढून कटच्या आधीचे आणि नंतरचे हात, भांडी, सावल्या पाहाव्यात.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या द्राक्षबागेत तर वेलच साक्ष देतो. फळछाटणी साधारण ऑक्टोबरात, काढणी बहुतेक जानेवारी ते मार्चमध्ये. एका शॉटमध्ये टपोरे घड आणि त्याच प्रसंगाच्या पुढच्या शॉटमध्ये कोवळी फूट दिसली, की बागाईतदाराला मधले महिने लगेच कळतात. याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही साकारले, अशा दुहेरी भूमिकेत वेशाची सलगता अधिकच काटेकोर सांभाळावी लागते. आता प्रत्येक शॉटनंतर छायाचित्रे काढून नोंदी ठेवल्या जातात.