वेग आहे, तरी उशीर का?

मोहोपाड्याच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात 2020 मध्ये योट्टा कंपनीचं प्रचंड डेटा सेंटर सुरू झालं. सर्व्हर जवळ असण्याला अर्थ आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सिंगापूरला जाऊन परतायला त्याला जवळपास 40 मिलिसेकंद लागतात, पनवेलला एकही नाही.

मग मोहोपाड्यातल्या घरी व्हिडिओ कॉल का अडखळतो? पुष्कळदा दोष राउटरमधल्या रांगेचा असतो. घरातलं कुणी मोठी फाइल पाठवत असलं की तिचे तुकडे, म्हणजे डेटाची पाकिटं, राउटरमध्ये साचतात, आणि बोरघाटात ट्रकांमागे रुग्णवाहिका अडकावी तशी आवाजाची इवली पाकिटं ताटकळतात. राउटरला जास्त मेमरी दिली की रांग आणखी लांबते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये ‘कोडेल’ ही सुंदर युक्ती मांडली. ती रांगेची लांबी मोजत नाही, पाकीट किती वेळ थांबलं ते पाहते. थांबणं सतत 5 मिलिसेकंदांवर राहिलं, तर एखादं पाकीट मुद्दाम टाकून देते. पाठवणारा संगणक ते ओळखून वेग कमी करतो. काही राउटरांत ही सोय ‘एसक्यूएम’ नावाने असते. तिथे वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी.