पूर ओसरला, आजार दारात

पूर ओसरला की टीव्हीवाले निघून जातात, मदतीचे टेम्पो कमी होतात, आणि वस्तीतला आजार तिथून सुरू होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर आम्ही काही नर्स आणि कार्यकर्त्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या वस्त्यांमधून फिरलो. २०२१ च्या जुलैत याच भागात पुन्हा पूर आला. म्हणून तेव्हा शिकलेलं इथं लिहितो आहोत.

बहुतेक गावांत आपली वस्ती उताराला किंवा ओढ्याकाठी. पाणी आधी तिथं शिरतं आणि शेवटी तिथून निघतं. "पाणी उकळून प्या," असं आम्ही घरोघर सांगत होतो. एका बाईनं विचारलं, "ताई, जळण कुठंय?" लाकडं भिजलेली, गोवऱ्या वाहून गेलेल्या. तेव्हापासून आम्ही आधी क्लोरीनच्या गोळ्यांचं बोलतो. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी दुपदरी कापडानं गाळून घ्यायचं, नाहीतर गोळीचा उपयोग होत नाही.

विहिरीचं काम ग्रामपंचायतीचं. आधी उपसा, मग टीसीएल पावडर. एरवी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते, पुरानंतर जास्त लागते. शिवाय ओल लागलेल्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो. त्यामुळे "पावडर टाकली" एवढ्यावर समाधान मानू नका. तासाभरानं आपल्यासमोर ओटी चाचणी करायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही.

जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लेकराचं अंगावरचं दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी सोडतात, ते चुकीचं आहे.

चिखल काढणाऱ्यांना खरा धोका लेप्टोचा. उंदराच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात जातात. ताप, डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं अशी लक्षणं बहुधा एक-दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर माणूस चिखल विसरलेला असतो. दवाखान्यात गेल्यावर "पुराच्या पाण्यात काम केलं" हे आपण होऊन सांगा. प्रतिबंधाच्या गोळ्या असतात, पण गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी त्या मनानं घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारावं.

मेलेली जनावरं ओढायला अजूनही काही ठिकाणी आपल्याच पोरांना हाक येते. बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली काय सांगितलं ते आपल्या घरात सांगायला नको. ते काम ग्रामपंचायतीनं मजुरी, गमबूट आणि हातमोजे देऊन, कुणाचीही जात न बघता करून घ्यायचं आहे.

एक गोष्ट आमच्याही उशिरा लक्षात आली. एका आजींच्या बीपीच्या गोळ्या वाहून गेल्या होत्या. आठ दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "धान्याच्या रांगेत गोळ्या कशा मागायच्या?" म्हणाल्या. त्यानंतर आम्ही प्रत्येक दारात पहिला प्रश्न हाच विचारू लागलो: टीबी, साखर, बीपी, फिट यांपैकी कुणाच्या गोळ्या चालू होत्या? टीबीच्या गोळ्यांत खंड पडला तर आजार औषधाला जुमानेनासा होतो.

आणि मजुरी. ऊस कुजला त्याचा पंचनामा सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा होतो. त्याच रानात भांगलायला जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला, तो कुठल्याच कागदावर येत नाही. मग घरात आधी दूध बंद होतं, मग डाळ, आणि बाईचं हिमोग्लोबिन आणखी खाली जातं. म्हणून घराचा पंचनामा तरी चुकवू नका. भिंतीवरची पाण्याची खूण धुण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. भाड्याचं घर असेल तरी भांडीकुंडी, कपडे यांची नोंद करायचा आग्रह धरा. गाळ काढणं, रस्तादुरुस्ती यासाठी रोजगार हमीचं काम लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.

एका वस्तीत महिला मंडळानं विहारात बसून घरटी यादी केली: कोण गरोदर, कुणाच्या गोळ्या, कुणाचा पंचनामा राहिला. तलाठी आले तेव्हा यादी तयार होती. आता त्या बाया मे महिन्यातच प्लास्टिकची एक पिशवी भरून आढ्याला टांगतात. त्यात रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि ओआरएसची चार पाकिटं असतात.