रॉकसाठी सिंबल कशी निवडायची? लालबागच्या रस्त्यावर गाजणारी झांज प्रॅक्टिस रूममध्ये नकोशी का होते?

गणपती आगमनाच्या दिवशी लालबागच्या एखाद्या गल्लीत उभं राहून नीट कान द्या. मिरवणूक लांब असते तेव्हा फक्त 'धम धम' ऐकू येतं. बेंजो पार्टीची ट्रॉली कोपऱ्यावरून वळून समोर आली की मग एकदम 'छन्न' असा आवाज उघडतो. झांज तर तीच वाजवणारा आधीपासून वाजवतच होता. मग ती आपल्याला आधी का ऐकू आली नाही?

कारण जाडा, खालच्या पट्टीतला आवाज इमारतींना वळसा घालून येतो. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज तसा वळत नाही आणि अंतराबरोबर हवेत लवकर विरतो. सिंबलचा बहुतेक आवाज वरच्या पट्टीतला असतो. उघड्या रस्त्यावर यातला बराचसा आवाज निसटून जातो. तोच आवाज दहा बाय बाराच्या खोलीत कोंडला की त्याला जायला जागाच उरत नाही.

मिरवणुकीत वाजवून हात तयार झालेली गिरगाव, परळ, दादरची अनेक मुलं पुढे कॉलेजात रॉक बँड काढतात. साठवलेल्या पैशांतून पहिला सिंबल सेट घेतात. दुकानात जो सर्वांत मोठ्यानं वाजतो तोच घेतात आणि इथेच फसतात. म्हणून आज समजून घेऊया, सिंबल निवडताना नेमकं बघायचं काय.

आधी ओळख करून घेऊ

सिंबल म्हणजे आपल्या झांजेचीच बहीण. फरक इतकाच की झांजा एकमेकींवर आपटतात आणि ड्रमसेटमधली सिंबल स्टँडवर बसते, काठीनं वाजते.

रॉकच्या सेटमध्ये साधारण तीन प्रकार लागतात. पहिली हाय-हॅट. ही दोन सिंबल्सची जोडी असते, पायानं उघडते-मिटते आणि बहुधा 14 इंची असते. गाण्याचा ठेका सर्वांत जास्त वेळ हिच्यावर चालतो. दुसरी क्रॅश, 16 ते 18 इंची. कडवं संपून ध्रुवपद आलं की जो मोठा 'झ्यांऽऽ' होतो, तो हिचा. तिसरी राइड, 20 ते 22 इंची. हिच्यावर काठीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. चायना, स्प्लॅश वगैरे हौसेचे प्रकार नंतरचे. सुरुवातीला ते नसले तरी काही अडत नाही.

काशाची वाटी की पितळेचा तांब्या?

सिंबलचा आवाज सर्वांत आधी धातू ठरवतो. आणि हा धातू आपल्या घरात आहे.

तळपायाला तूप लावून आजी जी काशाची वाटी घासायची, ती आठवा. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण, साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. जगातल्या नावाजलेल्या सिंबल्स ज्या धातूच्या बनतात त्याला 'बी-ट्वेंटी' म्हणतात. त्यात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असतं. म्हणजे जवळपास आपलं कासंच.

हा धातू विचित्र आहे. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. जास्त कथिलाचं कासं मात्र हळूहळू थंड केलं तर ठिसूळ राहतं आणि तापवून पाण्यात बुडवलं की ठोकण्याजोगं होतं. आपल्याकडचे काशाची भांडी घडवणारे कारागीर हेच करत आले आणि तुर्कस्तानात सिंबल घडवणारेही हेच करत होते. झिल्जन घराण्याची परंपरा 1623 पर्यंत मागे जाते. इस्तंबूलमधला हा आर्मेनियन कारखाना 1929 मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ सुरू झाला. पुढे याच घराण्यातल्या रॉबर्ट झिल्जन यांनी 1981 मध्ये कॅनडात सेबियन ही दुसरी कंपनी काढली.

दुसरा धातू 'बी-एट'. यात 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील. याच्या पत्र्यातून सिंबल कापून घडवता येते, म्हणून ती बऱ्याचदा स्वस्त पडते. आवाज उजळ, थेट आणि काहीसा एकसुरी. पण 'स्वस्त धातू म्हणजे वाईट सिंबल' असं समीकरण करू नका. स्विस कंपनी पाइस्टेनं 1971 मध्ये आणलेली '2002' ही मालिका बी-एटचीच आहे आणि लेड झेपलिनचा जॉन बॉनम याच सिंबल्स वाजवायचा.

तिसरा धातू पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. नव्या ड्रमसेटबरोबर फुकट मिळणाऱ्या सिंबल्स बहुधा पितळेच्या असतात. ठोका पडला की 'टण्' करून आवाज बसतो, पसरत नाही. मिरवणुकीत ते चालून जातं, कारण तिथे ठोका ठळक कळणं महत्त्वाचं असतं. गाणं रेकॉर्ड करायला बसलात की मात्र सिंबलऐवजी कोणी ताट वाजवतंय असं वाटतं.

जड की पातळ? सर्वांत मोठा गैरसमज इथेच

'रॉक म्हणजे जोरात, म्हणून सिंबल जाड आणि जड हवी,' असा सल्ला सर्रास मिळतो. तो कुठून आला ते बघू.

रॉकचे सुरुवातीचे ड्रमर जॅझमधल्याच सिंबल्स वापरत होते. साठच्या दशकाच्या शेवटी गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर प्रचंड मोठे झाले. ड्रमवर मात्र आजच्यासारखे सगळीकडे माइक नसायचे. ड्रमरला गिटारच्या भिंतीपलीकडे ऐकू जायचं होतं, म्हणून सिंबल मोठ्या झाल्या. बॉनमकडे 15 इंची हाय-हॅट आणि 24 इंची राइड असायची. पुढे हेवी मेटलच्या काळात त्या जाडही झाल्या.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. सिंबल जड असली की आवाज वरच्या पट्टीत जातो, जोरात होतो आणि बराच वेळ रेंगाळतो. पण पूर्ण उघडायला तिला जोराचा फटका लागतो. पातळ सिंबल हलक्या फटक्यालाही लगेच उघडते, आवाज खालच्या पट्टीत भरदार येतो आणि लवकर विरतो. व्यास वाढला की आवाज खाली येतो, मोठा होतो आणि लांबतो. मधला घुमट मोठा असला की नाद जास्त रेंगाळतो.

आता बँडचा विचार करा. विकृत केलेल्या गिटारचा वरचा थर आणि गायकाचे 'स', 'च', 'त' हे सगळं वरच्या पट्टीत असतं. तिथेच जड क्रॅश सहा-सात सेकंद रेंगाळत राहिली तर गायकाचे शब्द पुसले जातात. मग गायक ओरडतो, गिटारवाला आवाज वाढवतो, ड्रमर अजून जोरात मारतो. अनेक बँडची भांडणं इथून सुरू होतात आणि दोष मात्र 'साउंडवाल्या'ला मिळतो.

म्हणूनच आज रॉक वाजवणारे बरेच ड्रमर व्यासानं मोठी पण जाडीनं मध्यम किंवा पातळ क्रॅश घेतात. 18 इंची मध्यम-पातळ क्रॅश भरदार वाजते आणि वेळेत बाजूलाही होते. राइड आणि हाय-हॅटची खालची सिंबल थोडी जड असलेली बरी, कारण तिथे ठोका स्पष्ट हवा असतो.

तुम्ही वाजवणार कुठे?

सिंबल निवडताना पहिला प्रश्न हा हवा. ब्रँडचा प्रश्न नंतर.

एकेकाळी मुंबईच्या रॉकचं घर धोबी तलावचं रंगभवन होतं. सेंट झेविअर्स कॉलेजच्या शेजारचं हे खुलं नाट्यगृह. 1978 मध्ये जॅझ यात्रा इथे भरली. 1986 मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव आणि 'रॉक मशीन', म्हणजे पुढचा 'इंडस क्रीड', यांच्या आठवणीही या जागेशी जोडलेल्या आहेत. डोक्यावर छप्पर नाही, त्यामुळे जोरदार सिंबलचा आवाज आकाशात निघून जायचा. तिथे जड सिंबल शोभायची. आजूबाजूला रुग्णालयं, कॉलेज असल्यामुळे हा भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथला रॉक थांबला.

आज शहरातल्या बँडचा सराव बहुधा एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात किंवा तळघरातल्या छोट्या खोलीत चालतो. कार्यक्रम होतात ते पबच्या कोपऱ्यात, जिथे गायकाचा माइक ड्रमरपासून चार-पाच फुटांवर असतो. जड सिंबल त्या माइकमध्ये थेट शिरते. गायकाचा आवाज वाढवला की सिंबलही वाढते. मोठ्या मंचावर ड्रमला वेगळे माइक असतात, म्हणजे आवाज पोचवण्याची जबाबदारी तिथेही सिंबलवर नसते.

थोडक्यात, बंद खोली आणि पब असेल तर मध्यम किंवा पातळ सिंबल. माइक नसलेलं मैदान किंवा रस्ता असेल तर जड. आणि दोन्ही करत असाल तर मिरवणुकीच्या सिंबल्स वेगळ्या ठेवा. पावसात, गुलालात, ट्रॉलीच्या हादऱ्यांत चांगली काशाची सिंबल नेऊ नका.

पैसे कमी असतील तर?

चार सिंबल्सचा स्वस्त संच घेण्याचा मोह आवरा. त्यापेक्षा एक चांगली हाय-हॅट आधी घ्या, कारण सर्वांत जास्त वेळ तीच वाजणार आहे. मग अशी एक राइड घ्या जिच्या काठावर मारलं तर क्रॅशचंही काम होईल. क्रॅश तिसरी.

जुन्या मालाला नाक मुरडू नका. चांगली सिंबल जपून वापरली तर दशकानुदशकं टिकते. पितळेच्या नव्या संचाच्या पैशात बी-ट्वेंटीची एखादी वापरलेली सिंबल मिळून जाऊ शकते. आणि पुढे विकायची वेळ आली तर तिला गिऱ्हाईक मिळतं, पितळेच्या संचाला सहसा मिळत नाही.

दुकानात काय तपासायचं?

धोबी तलावला 1865 पासूनचं फुर्ताडोज आहे. तिथे जा किंवा दुसरीकडे, पण पुढच्या गोष्टी कराच:

- स्वतःच्या काठ्या घेऊन जा. काठी बदलली की आवाज बदलतो.
- आधी हळू वाजवा. हळू वाजवल्यावर न उघडणारी सिंबल छोट्या खोलीत कायम त्रास देईल.
- मित्राला वाजवायला सांगा आणि दहा-बारा फुटांवर उभे राहा. लोकांना ऐकू येणार तो आवाज हा आहे.
- घरच्या सिंबल्स सोबत नेऊन शेजारी लावून वाजवा. एकटी गोड वाटणारी सिंबल जोडीत बेसूर वाटू शकते.
- जुनी असेल तर काठावरून बोट फिरवा, उजेडात धरून केसाएवढी चीर दिसते का बघा. मधलं भोक गोल आहे की घासून लांबट झालंय तेही पाहा.
- फोनवर रेकॉर्ड करून निर्णय घेऊ नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो.

तडा का जातो?

'पातळ होती म्हणून फुटली' असं म्हणतात. बऱ्याचदा दोष मांडणीचा असतो. स्टँडचा स्क्रू करकचून आवळला तर सिंबलला डोलायला जागा राहत नाही आणि फटक्याचा सगळा ताण धातूवर येतो. नट सैल ठेवा, खाली-वर फेल्ट आणि मध्ये प्लास्टिकची नळी हवीच. सिंबल थोडी आपल्याकडे झुकवा आणि काठावर सरळ न मारता तिरका, निसटता फटका मारा.

तडा गेलाच तर वेल्डिंग करू नका, उष्णतेनं त्या जागेचा नाद मरतो. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं तर ती काही काळ पसरायची थांबते, एवढंच.

समुद्राजवळच्या दमट हवेत सिंबल लवकर काळवंडते. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून ती देवघरातल्या समईसारखी लख्ख करू नका, वरचा मुलामा आणि छापील नाव निघून जाईल. साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडी करणं पुरे.

शेवटची खरेदी, पण सर्वांत गरजेची

कानाला 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसतो असं मानलं जातं. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. बंद खोलीत जोरात वाजवलेली सिंबल हा आकडा सहज गाठते आणि ती ड्रमरच्या कानापासून दोन-तीन फुटांवर असते.

सरावानंतर कानात 'कुंऽऽ' वाजत असेल तर तो इशारा समजा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि सर्वांत आधी जाते ती वरच्या पट्टीतली, म्हणजे नेमकी सिंबल ऐकण्याचीच. म्हणून सिंबलच्या पैशातून आधी इअरप्लगचे पैसे बाजूला काढा. कान शाबूत असतील तरच पुढची सिंबल नीट निवडता येईल.