मधुमेही कुत्र्यांचे डोळे

"साखर आहे खरी, पण डोळ्यांना सारे स्वच्छ दिसते," असे मधुमेही माणसे निर्धास्तपणे सांगतात. जोयडा तालुक्यातील आमच्या बाजारकुणंगसारख्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे म्हणजे कामाचा दिवस मोडणे. मग दिसते आहे तोवर कोण जातो? ह्या निर्धास्तपणास आधार किती, ह्याचे उत्तर काही मुक्या कुत्र्यांनी दिले आहे. त्यांची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मधुमेहाच्या संशोधनात कुत्रा हा जुना सोबती होय. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्शुलिनचा गुण प्रथम पारखला, तो कुत्र्यांवरच.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्यात केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असून त्यांच्या भिंतींना बाहेरून बिलगलेल्या विशिष्ट पेशी आधार देतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली म्हणजे ह्या आधारपेशी मरू लागतात. मग भिंतीला मण्यांसारखे बारीक फुगवटे येतात, त्यांतून द्रव पाझरतो, कित्येक वाहिन्या बुजून जातात. उपाशी पडलेल्या भागात पुढे नव्या वाहिन्या फुटतात. परंतु त्या इतक्या नाजूक, की त्यांतून रक्तस्राव होतो व दृष्टी जाते. पटलाच्या मध्यभागास धक्का लागेपर्यंत माणसास बहुधा काहीच जाणवत नाही!

हा सारा दोष वाढलेल्या साखरेचाच, की मधुमेहाबरोबर येणाऱ्या दुसऱ्या कशाचा? ह्याविषयी डॉक्टरांत दीर्घकाळ वाद होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एंगरमन व त्यांचे सहकारी ह्यांनी अ‍ॅलॉक्सन ह्या द्रव्याने कुत्र्यांच्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट केल्या. काही कुत्र्यांची साखर इन्शुलिनने काटेकोर आटोक्यात ठेवली. इतरांची मुद्दाम चढती राहू दिली. प्रयोग पाच वर्षे चालला. १९७७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दुसऱ्या गटाच्या दृष्टिपटलांत फुगवटे आले. पहिल्या गटाची पटले बहुतांशी बचावली. जनावरांचे हे भोगणे वाचताना मन कष्टी होते, हेही सांगितले पाहिजे.

खरी चकित करणारी गोष्ट १९८७ साली पुढे आली. एंगरमन व कर्न ह्यांनी आणखी काही कुत्र्यांची साखर पहिली अडीच वर्षे चढती ठेवली आणि पुढली अडीच वर्षे नीट सांभाळली. मध्यंतरी त्यांच्या पटलांत रोग जवळजवळ दिसत नव्हता. तरीही साखर आटोक्यात आल्यावर पुढे तो प्रकट झालाच! जणू पटलास मागील हेळसांड आठवत होती.

माणसांचे काय? अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या पाहणीचा निकाल १९९३ साली आला. साखर काटेकोर राखणाऱ्यांत नेत्ररोग नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. आधीच थोडा रोग असलेल्यांतही तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी उतरला. म्हणजे उशिरा सावरणेही व्यर्थ नव्हे. पाहणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच होत गेली, तरी डोळ्यांतील अंतर पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. कुत्र्यांत दिसलेली तीच आठवण ही!

स्वच्छ दिसते म्हणणारा माणूस त्या पहिल्या अडीच वर्षांत आहे, की पुढच्या, हे त्याचे त्यास कळण्यास मार्ग नाही. ते थेंब घालून, बाहुली मोठी करून, डॉक्टरांनाच पाहावे लागते.